लॅप्रोस्कोपी ग्रास्परची मूठ कशी घडवावी: माप आधी, यंत्रणा नंतर, आकार शेवटी

बायोमेडिकलच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प असोत की एखाद्या लहान कारखान्यातून आलेला नवा नमुना, लॅप्रोस्कोपी ग्रास्परच्या, म्हणजे दुर्बिणीतल्या शस्त्रक्रियेत टोकाच्या जबड्यांनी टिश्यू (शरीरातली ऊती) पकडणाऱ्या लांब दांड्याच्या अवजाराच्या मुठीत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी मातीचा गोळा मुठीत दाबतो, बोटांचे ठसे उमटतात, ते स्कॅन होतात आणि थ्रीडी प्रिंटरमधून एक देखणी मूठ बाहेर येते. कोरड्या हातात, कोपर कमरेशी टेकवून धरली की ती छानच वाटते. तीच मूठ ट्रोकारमधून (पोटाच्या छोट्या छेदात बसवलेल्या नळीतून) आत गेलेल्या शाफ्टला (अवजाराच्या लांब दांड्याला) जोडा, ओले हातमोजे घाला आणि वीस मिनिटे ताण धरून ठेवा. अंगठा बधिर होतो, मनगट वाकडे होते, करंगळी अधांतरी राहते.

दोष कारागिरीत नसतो, क्रमात असतो. मुठीचा बाह्य आकार ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे आणि लोक तिथूनच सुरुवात करतात. पुढे दिलेला क्रम ५ मिमी जाडीच्या, निर्जंतुक करून पुन्हा वापरायच्या, रॅचेट (जबडे मिटलेल्या स्थितीत अडकवून ठेवणारी दातेरी खिट्टी) असलेल्या ग्रास्परसाठी आहे. नीडल होल्डर (सुई धरायचे अवजार) आणि लॅप्रोस्कोपिक कात्रीलाही तोच लागू पडतो. खुल्या शस्त्रक्रियेतल्या आर्टरी फोर्सेपला (रक्तवाहिनी दाबून धरायच्या चिमट्याला) मात्र तिसरा टप्पा फारसा लागत नाही, कारण तिथे हातावर पोर्टचे (अवजार आत जाण्याच्या छेदाचे) बंधन नसते.

## सुरू करण्यापूर्वी काय जमवावे

व्हर्नियर कॅलिपर, मापन टेप, कोन मोजायचा गोनिओमीटर, लहान स्प्रिंग काटा, जबड्यांत धरता येईल असा पातळ बल-सेन्सर, बॉक्स ट्रेनर (दुर्बिणीतल्या शस्त्रक्रियेच्या सरावाची पेटी), झडप शाबूत असलेला ५ मिमीचा ट्रोकार आणि सहा ते आठ नंबरचे सर्जिकल हातमोजे. बाजूने चित्रण करायला मोबाइल आणि स्टँड पुरतो. उंची बदलता येणारे टेबल मिळाले तर उत्तम, नाहीतर ट्रेनरखाली ठेवायला फळ्या.

याशिवाय रुग्णालयात सध्या वापरात असलेले दोन-तीन वेगवेगळ्या मुठींचे ग्रास्पर मिळवा: एक कात्रीसारख्या कडीचे, एक सरळ मुठीचे, जमल्यास एक पिस्तुलासारखे. नवे कोरे घेऊ नका, वापरून झिजलेलेही हवेत. तुलना करायला समोर जुने अवजार नसेल तर नव्याबद्दलचे कुठलेही मत तपासता येत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) निरीक्षण करायचे असेल तर लेखी परवानगी आधी घ्या आणि कॅमेऱ्यात रुग्णाची ओळख पटेल असे काहीही येणार नाही याची व्यवस्था करा. बहुतेक वेळा फक्त हात आणि कोपर टिपले तरी भागते.

## टप्पा १: कामाची फोड करा

«ग्रास्पर टिश्यू धरतो» एवढ्याने काम सांगून होत नाही. पित्ताशयाची दुर्बिणीतली शस्त्रक्रिया घ्या. सहायक पित्ताशयाचा घुमट पकडून यकृतावरून वर ढकलून धरतो आणि बराच वेळ तसाच उभा राहतो. मुख्य सर्जनच्या डाव्या हातातला ग्रास्पर पित्ताशयाच्या मानेशी असतो. तो सतत सोडतो, पुन्हा पकडतो, डावी-उजवीकडे वळवतो, म्हणजे उजव्या हाताला विच्छेदनासाठी जागा मिळते. अवजार एकच असले तरी ही दोन कामे परस्परविरोधी आहेत. पहिल्याला रॅचेट हवाच, दुसऱ्याला रॅचेट मध्ये येतो. पहिल्यात स्नायू स्थिर राहून थकतात, दुसऱ्यात अंगठा उघडझाप करून थकतो.

म्हणून क्रियापदांची यादी करा: धरणे, ताणणे, सोडणे, ढकलणे, टोक फिरवणे, अवजार बदलणे. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा. किती वेळ चालते, कोणती बोटे काम करतात, शाफ्ट आडवा की उभा, आणि रॅचेट लागलेला की सुटा. एवढा तक्ता झाला की पुढच्या निम्म्या वादांची उत्तरे त्यातच सापडतात.

प्रश्न विचारतानाही जपा. «तुम्हाला कशी मूठ आवडेल?» असे विचारले की सर्जन सवयीच्या मुठीचे वर्णन करतात. त्यापेक्षा «अंगठा कडीतून कधी बाहेर काढता?» असे विचारा. अनेक जण जोर लावायची वेळ आली की अंगठा कडीतून काढून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्याने कडी दाबतात. हे त्यांना स्वतःलाही लक्षात नसते, चित्रणात दिसते. ज्या क्षणी हे घडते, त्या क्षणी कडी निरुपयोगी झालेली असते. तुमच्या रचनेसाठी याहून मोलाची नोंद नाही.

सावधान: फक्त विभागप्रमुखांना विचारून थांबू नका. तासन् तास ताण धरून उभे राहणारे रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) असतात, आणि त्यांतल्या कित्येकांचे हात लहान असतात. सिस्टरांनाही विचारा, अवजार हातात देताना मूठ कोणत्या दिशेने येते, रॅचेट चुकून लागलेला असतो का, हे त्यांना सर्वांत चांगले माहीत असते.

## टप्पा २: हातांची मापे घ्या, सरासरी काढू नका

सरासरी हातासाठी केलेली मूठ लहान हाताला पोचत नाही आणि मोठ्या हाताला रुतते. नियम साधा आहे: जिथे बोट पोचायला हवे तिथे सर्वांत लहान हात धरा, जिथे बोट मावायला हवे तिथे सर्वांत मोठा. रॅचेटची कळ, टोक फिरवायचा नॉब आणि जबडे पूर्ण उघडल्यावर दोन कड्यांमधले अंतर या पोचण्याच्या गोष्टी. कडीचे आतले माप ही मावण्याची गोष्ट.

घ्यायची मापे अशी: हाताची लांबी, पंजाची रुंदी, अंगठ्याच्या सांध्याची रुंदी, मधल्या बोटाची आणि अनामिकेची सांध्यापाशी रुंदी, तर्जनीची लांबी, आणि अंगठा व अनामिका ताण न देता किती फाकतात ते अंतर. हे शेवटचे माप प्रत्यक्षच घ्या. अंगठ्याचे लहानात लहान माप आणि बोटाचे लहानात लहान माप यांची बेरीज करून लहान हाताची फाक मिळत नाही, कारण दोन्ही टोके एकाच माणसात क्वचित एकत्र येतात. तक्त्यांवरून काम करणारे इथे हमखास घसरतात.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली भारतीय शरीरमापनाचा संग्रह प्रसिद्ध केला. आपली मापे भलतीच निघाली नाहीत ना, हे पडताळायला तो उपयोगी आहे. पण त्यावरच विसंबू नका. तुमचे अवजार वापरणाऱ्यांचे हात तुम्ही मोजा, आणि त्यांत स्त्री सर्जन पुरेशा संख्येने घ्या. स्त्रीरोग विभागात तर त्याच बहुसंख्य असू शकतात. लॅप्रोस्कोपी करणाऱ्या ७२६ सर्जनांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साडेसहा किंवा त्याहून कमी नंबरचे हातमोजे वापरणाऱ्यांनी अवजारे हाताळताना लक्षणीय जास्त त्रास सांगितला होता. हा मूठभर लोकांचा प्रश्न समजून सोडून देऊ नये.

हातमोज्याचा नंबर म्हणजे साधारणपणे पंजाचा घेर इंचांत. तो बोटांची लांबी सांगत नाही आणि फाकही सांगत नाही. गट पाडायला तो वापरा, मापाऐवजी नको.

एक नमुना हिशेब करू. समजा, तुमच्या गटातला सर्वांत रुंद अंगठा सांध्यापाशी २३ मिमी भरला. दुहेरी हातमोजे आणि अंगठा सहज आत-बाहेर होण्याची मोकळीक मिळून ५ ते ६ मिमी वाढवा. कडीचे आतले माप रुंदीला २८-२९ मिमी येते, आणि लांबीला त्याहून जास्त, कारण अंगठा कडीत तिरपा जातो. म्हणजे कडी गोल नको, लांबट हवी.

तपासणी: सर्वांत लहान हाताच्या व्यक्तीला हातमोजे घालून, जबडे पूर्ण उघडलेल्या स्थितीत जुना ग्रास्पर धरायला सांगा. तर्जनी नॉबपर्यंत पोचते का? अंगठा आणि तर्जनी यांमधली कातडी ताणली जाते का? जिथे अडते तेच तुमचे पहिले बंधन. कागदावर लाल शाईने लिहून ठेवा.

## टप्पा ३: मुठीचा कोन ट्रेनरवर ठरवा

पोर्ट हा टेकू आहे. हात उजवीकडे गेला की टोक डावीकडे जाते, हात वर गेला की टोक खाली. शाफ्टचा किती भाग आत आणि किती बाहेर, यावर हाताला किती हलावे लागेल ते ठरते. ३३ सेंमी शाफ्टपैकी ११ सेंमी आत आणि २२ सेंमी बाहेर असेल, तर टोक १ सेंमी हलवायला हात २ सेंमी न्यावा लागतो. मूठ कितीही चांगली असली तरी हा भार खांद्यावर पडतो. लांबी नक्की करण्यापूर्वी प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत शाफ्ट किती आत जातो ते पहिल्या टप्प्यातल्या चित्रणावरून पाहून घ्या.

दुसरी गोष्ट टेबलाची. खुल्या शस्त्रक्रियेसाठी सोयीची असलेली टेबलाची उंची लॅप्रोस्कोपीला जास्त पडते, कारण पोट वायूने फुगलेले असते आणि वर लांब शाफ्ट असतो. मूठ कोपराच्या पातळीवर किंवा किंचित खाली यायला हवी. टेबल पुरेसे खाली जात नसेल तर बुटक्या सर्जनला स्टुलावर उभे राहावे लागते, आणि मग पायाखालचे पेडल शोधण्याची वेगळीच कसरत सुरू होते. चाचणी करताना टेबलाची उंची नोंदवली नाही, तर मनगटाचा त्रास मुठीमुळे झाला की टेबलामुळे, हे पुढे कधीच सांगता येणार नाही.

आता कोन. ५ मिमीच्या सळईवर कोन बदलता येईल असा साधा लाकडी ठोकळा बसवा. एवढेच, आकार नको. ट्रेनरमध्ये शाफ्ट ३०, ४५ आणि ६० अंशांत ठेवून प्रत्येक स्थितीत ठोकळा पकडायला सांगा आणि बाजूने फोटो घ्या. मूठ आणि शाफ्ट यांमधला कोन १५ ते २० अंशांपासून सुरू करा, मग दोन्ही बाजूंना पाच-पाच अंशांनी बदलत जा.

सर्व स्थितींत मनगट सरळ ठेवणारा कोन मिळणार नाही. शाफ्ट आडवा असताना सुखावणारी मूठ शाफ्ट उभा झाल्यावर मनगट वाकवते. तुमच्या तक्त्यात सर्वांत जास्त वेळ चालणारी स्थिती कोणती ते बघा आणि त्या स्थितीत मनगट सरळ रेषेपासून १५ अंशांच्या आत राहील असा कोन निवडा. रुला या शरीराच्या ठेवणीला गुण देणाऱ्या (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास) सर्वमान्य पद्धतीतही मनगट १५ अंशांपलीकडे वाकले की गुण चढतो, आणि ते करंगळीच्या किंवा अंगठ्याच्या बाजूला झुकले तर आणखी एक गुण चढतो. हे बाजूला झुकणे सरळ मुठींमध्ये फार दिसते आणि बाजूने घेतलेल्या फोटोत लपते. म्हणून वरूनही एक फोटो घ्या.

मनगट तळव्याकडे वाकले की पकडीची ताकद घटते. स्वतः करून बघा: मनगट पूर्ण आत वाकवून मूठ घट्ट आवळायचा प्रयत्न करा, बोटे नीट मिटतही नाहीत. वाकलेल्या मनगटाने काम करणारा सर्जन तेवढ्याच पकडीसाठी स्नायूंवर जास्त ताण घेत असतो.

सावधान: रुला बोटांवरचा रुतणारा दाब मोजत नाही. रुलाचा गुण चांगला आला म्हणून पुढचा टप्पा गाळू नका.

## टप्पा ४: बल मोजा, मग यंत्रणा आखा

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो आणि सर्वांत जास्त महाग पडतो. मूठ दुखते अशी तक्रार आली की लोक मुठीवर सिलिकॉनचे आवरण चढवतात. प्रत्यक्षात कारण आत दडलेले असते: जबड्यांपाशी पुरेसे बल पोचत नाही म्हणून सर्जन जास्त आवळतो.

आर्टरी फोर्सेपमध्ये बोटांनी लावलेले बल जबड्यापाशी सुमारे तिप्पट होते, कारण कड्या खिळीपासून (फिरण्याच्या बिंदूपासून) लांब आणि जबडे जवळ असतात. लॅप्रोस्कोपिक ग्रास्परवर झालेल्या मोजमापांत ते उलट सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर आलेले आहे. हे कसे होते ते आकड्यांत पाहू.

समजा, कडी खिळीपासून ७० मिमीवर आहे आणि नळीतून जबड्यांपर्यंत जाणारा आतला रॉड खिळीपासून ७ मिमीवर जोडला आहे. मुठीत बल दसपट झाले. रॉडचे बल दोन जबड्यांत वाटले जाते, म्हणजे प्रत्येकाला पाचपट. जबड्याच्या मुळाशी भुजा ३ मिमी आणि जबड्याची लांबी २० मिमी, म्हणजे टोकापाशी उरले पाचपटीच्या तीन-विसांश: पाऊणपट. त्यातले निम्मे घर्षणात गेले की हाती उरते एक तृतीयांशाहून थोडेसेच जास्त. ५ मिमीच्या नळीत मोठी भुजा मावत नाही, ही मूळ अडचण आहे आणि ती मुठीच्या आकाराने सुटत नाही.

मग मुठीतले गुणोत्तर वाढवावे का? वाढवता येते, पण किंमत मोजून. वरच्या उदाहरणात जबडे पूर्ण मिटायला रॉड ३ मिमी सरकावा लागतो, तर कडी ३० मिमी फिरते. रॉडचे छिद्र खिळीपासून ५ मिमीवर आणले तर गुणोत्तर चौदापट होते, पण त्याच ३ मिमीसाठी कडी ४२ मिमी फिरवावी लागते. साडेसहा नंबरच्या हाताला ती फाक झेपेल का? याचे उत्तर दुसऱ्या टप्प्यातल्या मापांत आहे. म्हणूनच ते माप आधी घ्यायचे.

घर्षण कमी करणे हा त्याहून चांगला मार्ग. ते कुठे आहे ते शोधायला अवजार सुटे करा आणि एकेक भाग जोडत काट्याने कडी ओढून बघा: नुसता रॉड, मग नळीसह, मग नॉबसह, मग जबड्यांसह. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे काम करा. घर्षणाचा दुसरा तोटा ताकदीपेक्षाही गंभीर आहे. टिश्यू किती घट्ट धरला आहे हे बोटांना कळेनासे होते, आणि न कळल्यामुळे सर्जन सुरक्षिततेखातर आणखी आवळतो. नाजूक आतडे या आवळण्याने चिरडले जाऊ शकते.

बल मोजताना या गोष्टी तपासा:

- जबडे पूर्ण उघडे, अर्धे उघडे आणि जवळजवळ मिटलेले, अशा तीन स्थितींत वेगवेगळे आकडे घ्या. गुणोत्तर प्रवासात बदलत जाते.
- मिटण्याइतकेच उघडण्याचे बल मोजा. उघडताना अंगठ्याची पाठ कडीवर रेटावी लागते आणि ते काम दुबळ्या स्नायूंचे असते. हलकी स्प्रिंग मदत करते, पण तिचाच जोर मिटताना विरोध करतो. स्प्रिंग घातल्यावर दोन्ही आकडे पुन्हा घ्या.
- चिमटीची ताकद पूर्ण मुठीच्या ताकदीच्या साधारण पाव भाग असते. अंगठा आणि एकाच बोटावर सगळा भार टाकणारी रचना लहान हाताला लवकर थकवते.
- बराच वेळ धरायचे काम सर्वांत दुबळ्या हाताच्या कमाल ताकदीच्या दहा टक्क्यांच्या आत बसवण्याचा प्रयत्न करा. बसत नसेल तर ते काम रॅचेटकडे सोपवा.

रॅचेटबद्दल थोडे सविस्तर. कळ सध्याची पकड न बदलता दाबता आली पाहिजे, डाव्या हातानेही. रॅचेट पूर्ण बंद ठेवायची सोय हवी. दाते मिटण्याच्या बाजूला बारीक हवेत, म्हणजे पातळ टिश्यूवरही नेमका दाब धरता येतो. आणि सुटताना तो झटक्याने सुटू नये.

सावधान: दाबाखालचा रॅचेट फटकन सुटला की जबडे उसळून उघडतात आणि टिश्यू फाटू शकतो. हा सोयीचा नव्हे, रुग्णाच्या सुरक्षिततेचा मुद्दा आहे. धोका-व्यवस्थापनाच्या नोंदीत तो पहिल्या दिवसापासून असावा.

नॉबची चाचणी नेहमी जबड्यांत काहीतरी घट्ट धरून करा. रिकाम्या जबड्यांनी नॉब लोण्यासारखा फिरतो. रॉडवर ताण आला की तोच अडतो आणि तर्जनीचे पेर दुखू लागते.

## टप्पा ५: साफसफाई आणि साहित्य

आकारात हात घालण्याआधी सीएसएसडीत (रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात) एक फेरी मारा. तिथले तंत्रज्ञ ब्रश कुठे पोचत नाही, काय उघडताना नख तुटते, कोणता भाग नेहमी उलटा जोडला जातो, हे दाखवतील. पुन्हा वापरायचा ग्रास्पर साधारणपणे मूठ, बाहेरची नळी आणि आतला इन्सर्ट (जबडे असलेला रॉड) असा तीन भागांत सुटतो. तो अवजारांविना सुटला पाहिजे, आणि चुकीच्या रीतीने जोडताच येऊ नये.

वाफेच्या निर्जंतुकीकरणात तापमान १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअस असते. पीएलए या प्लास्टिकची छापील मूठ ६० अंशांच्या आसपासच मऊ पडते आणि एबीएस प्लास्टिकही १३४ अंशांना टिकत नाही; हे नमुने ट्रेनरपुरते ठेवा, ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. अखेरच्या मुठीसाठी स्टेनलेस स्टील, पीक व पीपीएसयू ही उष्णता सोसणारी प्लास्टिके, आणि मऊ भागासाठी वैद्यकीय दर्जाचे सिलिकॉन असे पर्याय आहेत. मऊ आवरण कडक भागाला जिथे मिळते ती फट घाण धरून ठेवते. तो सांधा साफसफाईच्या नजरेने तपासा.

कॉटरी (विजेने टिश्यू जाळायची सोय) जोडायची असेल तर मुठीचा हाताला लागणारा प्रत्येक भाग विद्युतरोधक हवा. आवरणातून बाहेर डोकावणारा एक धातूचा स्क्रूही पुरेसा धोका आहे. केबलचा खुंटा अशा जागी ठेवा की लोंबती केबल मूठ एका बाजूला ओढणार नाही.

## टप्पा ६: आता आकार

सांगाडा, कोन, कड्यांची जागा आणि कळीची जागा पक्की झाल्यावर त्यावर माती चढवा. आधी नव्हे.

कडीची आतली बाजू रुंद आणि गोलसर करा. हाताला टेकणारी पट्टी निदान १० मिमी रुंद असावी. पातळ कडी अंगठ्याच्या कडेने जाणाऱ्या मज्जातंतूवर दाबते. त्यातून येणारा बधिरपणा इतका परिचित आहे की वैद्यकीय नोंदींत तो «लॅप्रोस्कोपिस्टचा अंगठा» म्हणून गेल्या शतकाच्या नव्वदच्या दशकापासून आलेला आहे. शक्य असेल तिथे दाब बोटांवरून तळव्याकडे न्या: मुठीची पाठ अंगठ्याच्या मुळाशी टेकेल अशी भरा, म्हणजे ज्यांना तळव्याने दाबायची सवय आहे त्यांना अंगठा बाहेर काढूनही आधार मिळेल.

बोटांसाठी खाचा पाडू नका. याबाबत माझे मत पक्के आहे. खाचा ज्याच्या हातावर घडवल्या त्यालाच बसतात. इतरांची बोटे दोन खाचांमधल्या उंचवट्यावर येतात आणि दाब नेमका तिथे एकवटतो. शिवाय काम करताना सर्जन पकड बदलत राहतो, खाचा त्याला एकाच पकडीत बांधतात. सलग, हलक्या वळणाचा पृष्ठभाग ठेवा.

मूठ दोन्ही हातांना सारखी हवी. ग्रास्पर बहुधा डाव्या हातातच असतो, हे विसरून उजव्या हातावर घडवलेल्या मुठी बऱ्याच दिसतात.

पृष्ठभाग ओल्या हातमोज्यात घसरू नये इतपत खरखरीत असावा, पण हातमोजा फाडेल किंवा खाचेत रक्त धरेल असा नको. वजनाचा तोल बघायला अवजार ट्रोकारमध्ये ठेवून हात सोडा. मूठ धाडकन खाली पडत असेल तर सर्जनला ती सारखी तोलून धरावी लागणार आहे.

तपासणी: हातमोज्यांवर साबणाचे पाणी घ्या आणि मूठ दहा मिनिटे वापरा. मग हातमोजे काढून कातडीकडे बघा. लाल वळ जिथे उठले तिथे पट्टी अरुंद आहे किंवा कडा तीक्ष्ण आहे. वापरणारा «ठीक आहे» म्हणाला तरी वळावर विश्वास ठेवा.

## टप्पा ७: चाचणी

बॉक्स ट्रेनरवर दोन प्रकारची कामे द्या. एक चपळतेचे: सहा ठोकळे एका बाजूच्या खुंट्यांवरून दुसऱ्या बाजूला नेऊन परत आणणे. दुसरे स्थिर: रबराची पट्टी ठरलेल्या खुणेपर्यंत ताणून निदान वीस मिनिटे धरणे. नुसते पहिले काम दिले तर प्रत्येक नवी मूठ उत्तीर्ण होते, कारण पाच मिनिटांत कोणी थकत नाही.

जुने आणि नवे अवजार आलटून-पालटून द्या. निम्म्या लोकांनी आधी जुने वापरावे, निम्म्यांनी आधी नवे. सर्वांनी जुनेच आधी वापरले तर नव्यावर दिसणारी सुधारणा नुसत्या सरावाचीही असू शकते. गटात लहान हाताचे, मोठ्या हाताचे, डावखुरे, रेसिडेंट आणि अनुभवी असे सगळे घ्या. दोन्ही अवजारांचा रंग सारखा ठेवा. चकचकीत नवेपणाला लोक नकळत जास्त गुण देतात.

नोंदवायचे काय? शरीराच्या भागानुसार त्रासाचा शून्य ते दहा आकडा, दर पाच मिनिटांनी. बाजूने आणि वरून चित्रण. ठोकळे किती वेळा सुटले, अंगठा किती वेळा कडीबाहेर आला, रॅचेट चुकून किती वेळा लागला. स्नायूंचे ईएमजी (स्नायूंतल्या विद्युत हालचालीची नोंद) मिळाले तर चांगलेच, पण वरच्या नोंदी नसतील तर एकट्या ईएमजीचा अर्थ लावता येत नाही. «आवडली का?» हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारा आणि त्याला सर्वांत कमी वजन द्या.

ट्रेनरवरून थेट रुग्णावर जाता येत नाही. वापरसुलभतेची प्रक्रिया आयईसी ६२३६६-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आणि धोका-व्यवस्थापन आयएसओ १४९७१ या मानकाप्रमाणे सुरुवातीपासून कागदावर असेल तर पुढचा रस्ता सोपा जातो. शेवटी बसून मागच्या तारखांचे कागद रंगवणे तपासणीत लगेच उघडे पडते. भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली उपकरणांचे धोक्यानुसार ए, बी, सी आणि डी असे वर्ग आहेत. साधा ग्रास्पर आणि कॉटरी जोडता येणारा ग्रास्पर एकाच वर्गात बसतील असे गृहीत धरू नका, वर्ग आधी तपासा. माणसांवरच्या कुठल्याही वापराला नैतिक समितीची मंजुरी लागते. महाराष्ट्रात काम करणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईतले बेटिक हे केंद्र डॉक्टर आणि अभियंते यांना एकत्र आणून वैद्यकीय उपकरणे घडवण्याचे काम करते. नमुना हातात नसला तरी पहिल्या टप्प्यातला तक्ता घेऊन अशा ठिकाणी जाता येते.

चाचणीत दोष सापडला की त्याच टप्प्यावर डागडुजी करू नका, मूळ टप्प्यावर परत जा. अंगठ्यावर वळ उठले तर आधी चौथ्या टप्प्यातले बल पुन्हा मोजा, मगच कडी रुंद करा. मनगट वाकत असेल तर टेबलाची नोंद बघा, मग कोनाकडे वळा. लहान हाताची तर्जनी नॉबपर्यंत पोचत नसेल तर नॉब मागे आणावा लागतो. नॉब मागे आला की रॅचेटच्या कळीची जागा बदलते आणि दुसऱ्या टप्प्याची तपासणी पुन्हा करावी लागते.

शेवटचा नमुना खऱ्या साहित्यात तयार झाला की तो पन्नास-शंभर वेळा धुऊन, ऑटोक्लेव्ह करून घ्या आणि चौथ्या टप्प्यातली सर्व मापे त्याच काट्याने, त्याच तीन स्थितींत पुन्हा काढा. नव्या अवजाराचा आकडा आणि हा आकडा यांत मोठा फरक असेल, तर सांधे, वंगण किंवा नळीतली पुटे यांपैकी काय बदलले ते अवजार सुटे करून शोधा.